हुकेरीकरांच्या लॉनवरचा उसासा

उजाडायच्या आधीच हुकेरीकरांच्या फाटकाबाहेर रांग लागलेली असे. कुणाच्या हातात स्टीलचा तांब्या, कुणाच्या हातात शीतपेयाची रिकामी बाटली, कुणी दुधाची किटलीच घेऊन आलेले. उणकलच्या तळ्यापलीकडच्या त्या नव्या लेआउटमध्ये, बंगल्यांच्या वसाहतीत, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. त्या पाण्यासाठी माणसे हमरीतुमरीवर येत. या पाण्यासाठी मात्र ती चपला बाहेर काढून, माना खाली घालून उभी राहत.

फाटकातून आत नजर गेली की नवख्या माणसाचे बोलणे तुटे. मे महिना होता. आजूबाजूच्या बंगल्यांपुढची हिरवळ करपून काथ्यासारखी झाली होती. हुकेरीकरांचे लॉन मात्र गर्द हिरवे, आणि पायाखाली ओले. कुणी त्यावर पाइप फिरवताना पाहिले नव्हते. ज्यांनी ते लावले आणि जोपासले, ते वकील वादिराज हुकेरीकर हिवाळ्यातच वारले होते.

लॉनच्या मध्यावर जमिनीत तांब्याचे घंगाळ बसवलेले होते आणि त्याच्याशेजारी व्याघ्रचर्माच्या छपाईच्या सतरंजीवर नीरय्या स्वामी बसलेले असत. निळी कफनी, निळा फेटा, गळ्यात शंखांची माळ. मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून मराठीत त्यांची जीभ न अडखळता ये-जा करी.

"नोडरी, बघा. पाणी म्हणजे काय? हायड्रोजन आणि ऑक्सिजन, असं शाळेत शिकवतात. चूक नाही ते. पण तिसरं एक असतं, ते शाळेत सांगत नाहीत. स्मृती. पाण्याला सगळं आठवतं. परदेशात यंत्रानं मोजलंय हे. आपल्या ऋषींनी यंत्राशिवाय मोजलं होतं, एवढाच फरक."

कोणत्या देशात, कोणत्या यंत्राने, हे विचारावेसे कुणाला वाटले असेल तरी ती वेळ विचारण्याची नव्हती. स्वामींनी बोट वर केले होते. "शूऽ. वकीलसाहेब आले."

घंगाळाच्या तळाच्या छिद्रांतून पाणी पाझरू लागले. आधी तळ ओला झाला, मग पाणी बोटभर चढले, मग वीतभर. ना पंपाची घरघर, ना नळाचा आवाज. घंगाळ भरत आले आणि कोपऱ्यातल्या चाफ्याच्या मुळाशी, जमिनीच्या पोटातून, एक लांब थकलेला उसासा ऐकू आला. वयस्क माणूस फेऱ्या संपवून टेकताना सोडतो, अगदी तसा.

"निघाले," स्वामी हलकेच म्हणाले. रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असलेली दीपश्री हे सारे पाहत होती. वादिराजांची ती एकुलती एक मुलगी. धारवाडच्या एका कॉलेजात गणित शिकवणारी. सुटीत आईच्या सोबतीला येऊन राहिलेली. उसासा ऐकू आला तसा तिचा हात नकळत उजव्या कुशीशी गेला. तिथे कातडीखाली वडिलांचे मूत्रपिंड होते.

तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा वादिराजांनी डॉक्टरांपुढे एकच युक्तिवाद केला होता. "कोर्टात मला दोन अशील असले तर एक ज्युनियरला देतो मी. हेही तसंच समजा." शस्त्रक्रियेनंतर ते लवकर घरी परतले, लीलाबाई मात्र मुलीच्या उशापाशी बेंगळुरूला कित्येक आठवडे राहिल्या. पुढे दीपश्री सावरली. शरीराने परक्या अवयवाला नाकारू नये म्हणून तिला रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या गोळ्या शरीराची रोगांशी झुंजण्याची ताकद मुद्दाम कमी करून ठेवत. म्हणून पाणी उकळलेले, फळ सोललेले, गर्दीत तोंडाला मास्क. हे सगळे नियम वादिराज स्वतः तिच्याकडून पाळून घेत. आणि एके सकाळी ते लॉनवरच्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

ते गेल्यावर लीलाबाईंना पहिल्यांदा उसासा ऐकू आला तो तेराव्यानंतर, घरातली गर्दी पांगल्यावर. नवरा असताना रोज पहाटे त्यांची झोप त्याच आवाजाने चाळवे. बाहेर वादिराज अनवाणी फेऱ्या घालत असत. शेवटची फेरी संपली की उसासा येई, मग लीलाबाई चहाचे आधण ठेवत. माणूस गेल्यावरही तो उसासा आला, तेव्हा त्यांनी उठून आधण ठेवले होते. दोन कपांचे. पुढे उन्हाळा लागला, साऱ्या लेआउटचे गवत वाळले आणि आपलेच तेवढे हिरवे राहिले, तेव्हा त्यांच्या मनात शंकेला जागा उरली नाही.

त्यांनी हे प्रथम सांगितले ते महेशला. महेश लेआउटमधली पाइपांची कामे करी. गच्चीवरची टाकी दुरुस्त करायला आला होता. ऐकताना त्याच्या हातातला पाना थांबला. बराच वेळ तो लॉनकडे बघत राहिला आणि मग त्याने हात जोडले. "अव्वा, हे माझ्या समजुतीपलीकडचं आहे. आमचे एक स्वामी आहेत, त्यांना आणतो." त्यानंतर खड्डा त्यानेच खणला आणि घंगाळही त्यानेच बसवले.

"घे," खिडकीपाशी येत लीलाबाईंनी पळीभर पाणी पुढे केले. "तोंडात घे आणि डोळ्यांना लाव."

"ठेव तिथं आई, अंघोळ झाल्यावर घेते."

"रोज अंघोळ झाल्यावर, आणि रोज परसातल्या कढीपत्त्याला. दिसत नाही असं वाटतं का तुला मला?"

दीपश्रीने पळी घेऊन बाजूला ठेवली. भांडण तिला नको होते. शिवाय, खरे सांगायचे तर, कढीपत्त्याच्या बुंध्याशी ते पाणी ओतताना तिचाही हात दरवेळी थोडा थांबे.

कारण एका पहाटे, रांग लागण्याच्या आधी, ती स्वतः लॉनवर जाऊन उभी राहिली होती. अंधुक उजेडात गवत काळसर दिसत होते. पावले टेकताच माती पायाखाली दबली आणि गार पाणी बोटांच्या बेचक्यांतून वर आले. आसपास चिटपाखरू नव्हते. ती वाकली. गवताच्या पात्यांवरून तिने तळवा फिरवला. पात्यांची टोके कोरडी होती. दव वरून पडते. इथे वर कोरडे आणि खाली ओले. अशा जागी ती वर्गात मुलांना थांबवून गणिताची पुढची ओळ लिहायला लावत असे. तेवढ्यात चाफ्याखालून तो उसासा आला, आणि तिच्या तोंडून निघाले, "अप्पा?" पुढची ओळ तिने लिहिली नाही.

आठवड्याभरात तिला ताप भरला. पोट बिघडले, अंग ठणकू लागले. तिचा नवरा संजीव तिला रुग्णालयात घेऊन गेला. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"जंतुसंसर्ग आहे. मूत्रपिंडावर ताण दिसतोय. पाणी कुठलं पिता?"

"उकळून, गाळून. घरचंच."

"बाहेरचं एखादं सरबत, तीर्थप्रसाद, काही?"

"नाही," दीपश्री म्हणाली, आणि तिला ते खरेच वाटत होते.

चार-दोन दिवसांनी ताप उतरला, ती घरी आली. दुपारी तहान लागली म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा लीलाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दीपश्रीच्या उकळलेल्या पाण्याच्या वेगळ्या सुरईचे झाकण त्यांनी काढले होते आणि तांब्याच्या गडूतले पाणी त्या धार धरून सुरईत ओतत होत्या. ओठ हलत होते. स्तोत्र चालले असावे.

"आई."

लीलाबाई दचकल्या, पण गडू त्यांनी खाली ठेवला नाही.

"किती दिवस?"

"तू ओतून देत होतीस तेव्हापासून."

"आई, मी मरता मरता वाचले या पाण्यानं."

"वाचलीस ती याच पाण्यानं." त्यांचा आवाज चढला नव्हता, विटेवर वीट ठेवावी तशा त्या बोलत होत्या. "स्वामी म्हणाले, आतली घाण निघताना अंग तापतं. तुझ्या पोटात आहे ते त्यांचं आहे, दीपा. ते तुझ्या गोळ्यांवर कसं जगेल? त्याला त्यांचंच पाणी पाहिजे. अमावस्येपासून सात दिवस फक्त तीर्थ. गोळ्या बंद. मी शब्द दिलाय."

"गोळ्या बंद केल्या तर अप्पांनी दिलेलं जाईल. मग तुझ्यापाशी त्यांचं काय उरेल?"

"बाहेर आहेत की ते," लीलाबाई म्हणाल्या. "रोज येतात."

त्या रात्रीपासून दीपश्री गोळ्यांची डबी पर्समध्ये आणि पर्स उशाखाली ठेवू लागली. आपल्याच आईपासून औषध लपवून ठेवायची वेळ आली, हे तिला तापापेक्षा जास्त लागले.

दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासून परतताना संजीव तिला गोकुळ रोडवरच्या आपल्या कारखान्यात घेऊन गेला. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट शेड. तिथे पाण्याच्या पाइपलाइनींचे व्हॉल्व्ह तयार होत. "पाच मिनिटं बस, एक माल तपासून पाठवायचाय," असे म्हणून तो आत गेला. लेथची करकर, लोखंडाच्या किसाचा वास, कन्नडमध्ये एकमेकांची चेष्टा करणारे कामगार, टळटळीत दुपार. दीपश्री खुर्चीवर डोळे मिटून बसली.

आणि तिच्या पाठीमागे वडिलांनी उसासा सोडला.

ती ताडकन उठली. मागे कुणी नव्हते. तपासणीच्या हौदापाशी संजीव एका पाइपाचा चाक-नळ बंद करून हात पुसत होता.

"तो आवाज," ती म्हणाली. "कशाचा होता?"

"कुठला?"

"आत्ताचा. उसाशासारखा."

"तो होय? एअर व्हॉल्व्हचा. पाणी बंद केलं की पाइपात पोकळी होते, मग हा तोंड उघडून बाहेरची हवा आत ओढतो. ठिबकच्या पाइपांवर बसवावाच लागतो, नाहीतर छिद्रांतून माती आत शोषली जाते." तो थबकला. "का ग? पांढरी पडलीस."

"परत कर."

त्याने पाणी सोडले, थांबवले. हुऽऽ. तिने पुन्हा करायला लावले. हुऽऽ. कामगार हातातले काम थांबवून पाहू लागले. हा अमुक आकाराचा व्हॉल्व्ह, हा अमुक बाजारात जातो, असे काहीतरी संजीव सांगत राहिला. आणि मग त्याच्या लक्षात आले की ती रडते आहे. सासऱ्यांच्या उसाशाबद्दल त्याने नुसते ऐकले होते. पहाटे त्या घरात तो कधी नव्हता.

संध्याकाळी दोघे गच्चीवर गेले. वरून पाहिल्यावर जमिनीवरून न दिसणारे दिसले. हिरवळ सगळीकडे सारखी हिरवी नव्हती. कुंपणाच्या बाजूला, जिथे ती विरळ होती, तिथे हिरव्या रेघा होत्या. सरळ, समांतर, सारख्या अंतरावर. माणूस, जिवंत असो वा गेलेला, पट्टीने आखून चालत नाही. खाली येऊन पाहिले तर चाफ्याच्या बुंध्याशी एक जड कुंडी होती. ती सरकवल्यावर खाली झाकण निघाले, झाकणाखाली मूठभर आकाराचा एअर व्हॉल्व्ह. फाटकाबाहेर, फुटपाथच्या कडेच्या चौकोनी खड्ड्यात, पाण्याच्या मीटरशेजारी एक जांभळा पाइप वळून आत आला होता, आणि त्यावर बॅटरीवर चालणारे घड्याळी बटण: ठरल्या वेळी पाणी सोडणारे आणि ठरल्या वेळी बंद करणारे.

जांभळा पाइप लेआउटमध्ये सगळ्यांच्या माहितीचा होता. साऱ्या घरांचे सांडपाणी मागच्या बाजूच्या टाक्यांत जाई. तिथे ते निवळून, जंतूंना त्यातली घाण खाऊ घालून, वाळूतून गाळून, क्लोरीन टाकून बागेच्या कामाचे केले जाई. रस्त्याकडेच्या झाडांना ते मिळे. घरच्या लॉनलाही मिळू शकत होते, पण कुणी फारसे पुढे आले नव्हते. ते का, हे दीपश्रीला ठाऊक होते. ही योजना निघाली तेव्हा जेवणाच्या पानावर वादिराजांनी विषय काढला होता आणि लीलाबाईंनी वाढता हात थांबवला होता. "लोकांच्या मोऱ्यांचं पाणी? संडासाचं? माझ्या अंगणात, तुळशीपाशी? त्यापेक्षा गवत जळू दे." या घरात सोवळे दिलेल्या शब्दासारखे पाळले जाई. कोर्टात कुणाला न ऐकणारे वादिराज त्यावर ताक ओरपत बसले होते.

लेआउटच्या सेक्रेटरी सुलभाताई शेजारीच राहत. दीपश्रीने विचारताच त्यांनी मान खाली घातली.

"तुम्ही बेंगळुरूला होता ना, तेव्हाच करून घेतलं वकीलसाहेबांनी. महेशकडून. आम्हाला म्हणाले, घरी बोलू नका, नाहीतर लीला तुळस घेऊन माहेरी जाईल."

"आणि इतके दिवस तुम्ही गप्प राहिलात? रांग बघत होता ना?"

"गेलेल्या माणसाचं गुपित, मी कसं फोडू? आणि..." त्या घुटमळल्या. "मीही एकदा तांब्या घेऊन उभी राहिलेय."

"माहीत असून?"

"पाण्याचं माहीत होतं ग. उसाशाचं नव्हतं."

संजीवला त्याच क्षणी जाऊन स्वामींची गचांडी धरायची होती. दीपश्रीने त्याला अडवले. "त्यांना हाकलून काय होणार? आई म्हणेल, तुम्ही सिद्धपुरुषाचा अपमान केलात. तिला मी सांगायचं नाही. तिला दिसायला पाहिजे."

अमावस्येच्या पहाटे रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. आज वकीलसाहेबांच्या लेकीचे सात दिवसांचे व्रत सुरू होणार, ही बातमी पसरलेली. घंगाळापाशी पाट, पाटाभोवती रांगोळी, स्वामींच्या मागे हात जोडून उभा महेश. दीपश्री पाटावर बसली नाही. ती स्वामींसमोर उभी राहिली.

"स्वामी, अप्पांना बोलवा."

"बोलवायचं कशाला, अक्का? वेळ झाली की येतात ते."

वेळ झाली. घंगाळ कोरडे राहिले. बाहेरचे घड्याळी बटण संजीवने आदल्या संध्याकाळीच काढून ठेवले होते. स्वामींनी मंत्र म्हटला, मग मोठ्याने म्हटला, मग शंख फुंकला. पूर्वेला तांबडे फुटले. रांगेत कुजबुज सुरू झाली.

"इथं कुणाच्या तरी मनात किंतू आहे," स्वामी कडाडले.

"आहे. माझ्या," दीपश्री म्हणाली आणि रांगेकडे वळली. "तुमच्यातले कुणीही दोघं फाटकाबाहेर जा. तिथं सुलभाताई आणि माझे मालक उभे आहेत. ते काय करतात ते नीट बघा. मग मी इथून फोनवर सांगेन."

दोघे बाहेर गेले. दीपश्रीने फोन कानाला लावला. "सोड."

घंगाळाचा तळ ओला झाला. पाणी चढू लागले. सवयीने कित्येक हात जोडले गेले, कुणी नावही घेतले.

"बंद कर."

हुऽऽ.

बाहेर गेलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ फाटकात येऊन उभे राहिले. "नळ आहे तिथं," ते नुसते एवढेच म्हणाले.

लीलाबाई ओट्यावरून खाली उतरल्या होत्या. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. दीपश्री त्यांच्याजवळ गेली आणि तिने फोन त्यांच्या हातात ठेवला.

"आई, आता तू सांग."

लीलाबाईंनी फोन कानाशी नेला. पलीकडे संजीव नळावर हात ठेवून ऐकत होता. लीलाबाई घंगाळाकडे बघत होत्या, आणि जे नाव त्यांनी उभ्या आयुष्यात कधी घेतले नव्हते त्याच्या जागी वापरायचा तेवढाच शब्द त्यांच्या तोंडून आला.

"अहो..."

काही झाले नाही. चाफ्याचे एक फूल गळून गवतावर पडले. त्या थांबल्या, कितीतरी वेळ थांबल्या.

मग त्या म्हणाल्या, "सोडा."

पाणी आले.

"बंद करा."

उसासा आला. तो पूर्ण विरेपर्यंत लीलाबाईंनी डोळे मिटून ऐकला, आणि फोन मुलीला परत दिला.

"बरं मग?" नीरय्या स्वामींनी सतरंजीची गुंडाळी करत सूर बदलला. "देवाला यायचंच असलं तर पाइपातून नाही येऊ शकत? पाइप माणसाचा, पाणी तर देवाचं?"

"पाणी आपल्या सगळ्यांच्या मोऱ्यांचं आहे," दीपश्री म्हणाली. "गाळलेलं, निवळलेलं. त्यात खतासारखं काही राहतं, म्हणून गवत एवढं हिरवं होतं. गवतासाठी ते चांगलं आहे. अप्पांनी ते घेतलं यात त्यांचं काही चुकलं नाही. पिण्याचं पाणी मातीत ओतण्यापेक्षा हेच शहाणपणाचं. पण हे पिण्यासाठी कुणी शुद्ध केलेलं नाही. मी प्यायले आणि रुग्णालयात गेले. तुमच्या घरी कुणाचं पोट बिघडलंय का, आठवून बघा."

रांगेत एकेकाचा चेहरा बदलत गेला. एका बाईने बाटली उपडी केली. कुणी रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकले. एका तरुणाने घंगाळ उचकटून काढले. खाली ठिबकची काळी नळी होती आणि तिला सुरीने पाडलेली ताजी चीर. चीर पाहताच सगळ्यांच्या नजरा घंगाळ बसवणाऱ्या महेशकडे वळल्या. तोवर निळा फेटा फाटकाबाहेर दिसेनासा झाला होता. ज्याच्या पाण्याला सगळे आठवत होते, त्याला मागे राहिलेल्या चेल्याची आठवण झाली नाही.

दोघातिघांनी महेशचे बखोट धरले.

"सोडा त्याला," लीलाबाई म्हणाल्या. मग त्याला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"अव्वा, वकीलसाहेबांनी शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"तेवढी एकच पाळलीस," दीपश्री म्हणाली.

गर्दी पांगली. ऊन चढले. मायलेकी ओट्याच्या पायरीवर बसून राहिल्या. पायांवर वाळत चाललेली माती कुणी धुतली नाही.

"दीपा," लीलाबाई म्हणाल्या, "ते होते तेव्हाही येत होता ना तो आवाज? मी अंथरुणात पडून ऐकायची आणि म्हणायची, दमले. मग उठून चहा टाकायची. तेव्हाही तो नळाचाच होता?"

हा प्रश्न येणार हे दीपश्रीला कारखान्यातच कळले होते. खोटे बोलून आईला दिलासा देणे सोपे होते. पण त्याच सोप्या वाटेने स्वामी या घरात आला होता.

"बहुतेक तोच होता," ती म्हणाली. "पण त्या वेळी अप्पा बाहेर चालत होते, ते खरं होतं. तू टाकलेला चहा ते प्यायले, तेही खरं."

"मला सांगायचं होतं त्यांनी."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं," लीलाबाई म्हणाल्या. "भांडले असते. पण भांडण झालं असतं ग नुसतं. हे झालं नसतं." आणि मग, "त्यांनी माझ्यापासून नळी लपवली. मी तुझ्यापासून तीर्थ लपवलं. तू माझ्यापासून गोळ्या लपवल्यास. त्या माणसाला आत यायला आणखी कुठलं दार पाहिजे होतं?" त्यांनी हात पुढे केला. "आण डबी. सकाळच्या राहिल्या असतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे रांग नव्हती. पण उजाडल्यावर फाटक वाजले. धारवाडजवळच्या बेलूरहून पहिली बस पकडून एक बाई आली होती. हिराबाई नाव सांगितले. मुलगा तिकडच्या कारखान्यात कामाला. खांद्यावर चार-पाच वर्षांची नात, डोळे खोल गेलेली. काल काय झाले हे तिच्यापर्यंत पोचले नव्हते.

"माई, इथंच का ते तीर्थ मिळतं? पोरीचं पोट थांबेना झालंय. थोडंच द्या."

दीपश्री उठू लागली, पण लीलाबाई आधीच फाटकापाशी पोचल्या होत्या. त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला. मग घरात जाऊन उकळलेल्या पाण्यात मीठसाखर कालवून आणली आणि चमच्याने तिला पाजू लागल्या.

"तीर्थ नाही इथं," त्या म्हणाल्या. "होतं असं मीच सगळ्यांना सांगत होते. ते गवताचं पाणी आहे, बाई. गवताला द्यायचं. या पोरीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायचं. माझा जावई गाडी काढतोय."

"पण लोक म्हणतात, स्वामींच्या पाण्यानं गुण आला."

"मीही म्हणत होते." लीलाबाईंनी चमचा पुन्हा भरला. "माझं कुणी ऐकू नका. स्वामीचंही नको, लोकांचंही नको. कुणी असं पाणी हातावर घातलं ना, तर प्यायच्या आधी फक्त एवढं विचारायचं, हे येतं कुठून? आणि त्यानं दाखवलंच नाही, तर ओतून द्यायचं. मी विचारलं नव्हतं. माझी लेक थोडक्यात वाचली."

पोरीने ओठ चाटले आणि आणखी मागण्यासाठी तोंड उघडले.